पहिला पॉवर काइट निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉवर काइट घ्यायचं मनात आहे, पण कोणता आणि केवढा हे ठरत नाही, अशा लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत, मग थोडे खोलातले. सगळं वाचायला वेळ नसेल तर ३, ५ आणि ८ एवढे तीन तरी वाचूनच खरेदी करा.

१. पॉवर काइट म्हणजे नक्की काय? साध्या पतंगापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

साधा पतंग एका दोरीवर उंच चढवायचा असतो. पॉवर काइटला दोन, तीन किंवा चार दोऱ्या असतात, त्या साधारण २० ते २५ मीटर लांब असतात आणि तेवढ्याच राहतात. ढील देणं, दोरी आवरणं हा प्रकार नाही. डावी-उजवी दोरी खेचून पतंग वळवायचा आणि त्याच्या ओढीचा उपयोग करायचा, मग ती ओढ नुसती अंगावर झेलायची असो किंवा तिच्या जोरावर बग्गी (पतंगानं ओढली जाणारी तीन चाकांची बुटकी गाडी), बोर्ड, स्की चालवायची असो.

कल्पना नवी नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. तिचा पतंगही अनेक दोऱ्यांवरच चालायचा.

आज नवशिक्यांच्या हातात येतो तो बहुतेक वेळा ‘फॉइल’ प्रकारचा पतंग. त्यात काड्या नसतात. कापडाचे दोन थर, मध्ये उभे पडदे आणि पुढच्या कडेला उघडी तोंडं. वारा आत शिरला की पतंग फुगून पंखाचा आकार घेतो. डोमिना जॅल्बर्ट या अमेरिकी पतंगकारानं १९६०च्या दशकात ही रचना आणली, आणि आजचे चौकोनी पॅराशूटही त्याच घराण्यातले. काडीच नसल्यानं आपटला तरी मोडायला काही नसतं, आणि पहिल्या काही दिवसांत तो पुष्कळदा आपटणारच आहे.

२. दोन दोऱ्यांचा घेऊ, तीन की चार?

पुढे काय करायचं आहे त्यावर हे ठरवा.

दोन दोऱ्यांचा पतंग सगळ्यात सोपा. हातात दोन पट्टे किंवा एक छोटा बार, म्हणजे दोन्ही हातांनी धरायची आडवी दांडी. डावीकडे खेचलं की डावीकडे, उजवीकडे खेचलं की उजवीकडे. ब्रेक नसतो. तोंड खाली करून पडला तर बहुधा चालत जाऊन सरळ करावा लागतो. समुद्रकिनारी सुट्टीत मजा म्हणून उडवायचा असेल, घरातल्या सगळ्यांनी हात लावायचा असेल, तर हाच घ्या.

तीन दोऱ्यांचा पतंग बारवर येतो. दोन दोऱ्या वळवायला, तिसरी सुरक्षेची. ती मनगटाच्या पट्ट्याला जोडलेली असते. बार सोडला की तिसरी दोरी पतंगाची हवा मोडते आणि तो खाली येतो. पडलेला पतंग उलटा उचलायलाही तीच कामी येते. काइटसर्फिंगकडे, म्हणजे पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या खेळाकडे, जायचं असेल तर हा उत्तम, कारण हाताला बारची सवय होते.

चार दोऱ्यांचा पतंग दोन हँडलांवर येतो. प्रत्येक हँडलच्या वरच्या टोकाला ओढीची मुख्य दोरी आणि खालच्या टोकाला ब्रेकची. मनगट किंचित वाकवलं तरी पतंग जागच्या जागी फिरतो, थांबतो, मागे सरकतो, उलटाही उचलता येतो. शिकायला थोडा जास्त वेळ लागतो, पण ताबा सगळ्यात जास्त मिळतो. बग्गी चालवायची असेल तर थेट यावरच या.

कुठे जायचं ते अजून ठरलंच नसेल तर माझा कौल तीन दोऱ्यांना. बारमुळे सोपा आणि सुरक्षेची दोरी आयतीच मिळते.

३. आकार केवढा घ्यायचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. मोठ्या माणसासाठी दोन किंवा तीन दोऱ्यांचा असेल तर १.५ ते २.५ चौरस मीटर, चार दोऱ्यांचा असेल तर २ ते ३ चौरस मीटर. मनात आहे त्याहून एक आकार लहान घेतलात तर क्वचितच पस्तावाल.

लहान पतंग चपळ असतो, चूक केली की लगेच दाखवतो आणि ती सुधारायची संधीही लगेच देतो. मोठा पतंग सावकाश वळतो, पण चूक कळेपर्यंत तुम्हाला चार पावलं फरफटत नेतो. घाबरलेला माणूस हात छातीशी ओढून घेतो, त्यानं दोऱ्या आणखी ताणल्या जातात आणि ओढ वाढते. लहान पतंगावर ही सवय मोडता येते. हात सैल पुढे सोडायचे, दोन पावलं पतंगाच्या दिशेनं चालायचं, हे अंगात मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ फक्त लहान पतंगच देतो.

शिवाय लहान पतंग वाया जात नाही. पुढे मोठा घेतलात तरी जोराच्या वाऱ्याच्या दिवशी हाच बाहेर निघतो.

पंख फार लांबट आणि अरुंद असलेला पतंगही पहिला म्हणून नको. तो वेगवान असतो, जास्त उचलतो, पण वारा जरा चुकला की टोकं मिटतात. पहिल्यासाठी आखूड, रुंद पंखाचा बरा.

४. माझ्या पिशवीवर १.८ लिहिलंय, मित्राच्या २.० वर. तरी त्याचा पतंग माझ्यापेक्षा दुपटीनं मोठा का दिसतो?

कारण दोघांची मापं वेगळी आहेत. दोन-तीन दोऱ्यांच्या बऱ्याच पतंगांवर पंखाची लांबी लिहितात, कधी मीटरमध्ये, कधी १७० किंवा २५० अशी सेंटिमीटरमध्ये. चार दोऱ्यांच्या पतंगांवर बहुधा क्षेत्रफळ असतं. १.८ मीटर पंखाच्या पतंगाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटरच्या आसपासच भरतं. घेण्याआधी वर्णनात ‘चौरस मीटर’ हे शब्द शोधा. प्रश्न ३ मधले सगळे आकडे क्षेत्रफळाचेच आहेत.

क्षेत्रफळातही सपाट अंथरल्यावरचं आणि उडताना कमानीत वाकल्यावरचं असे दोन आकडे दिलेले असतात. दुसरा नेहमी कमी असतो. दोन पतंगांची तुलना करताना एकाच प्रकारचा आकडा घ्या.

५. किती वाऱ्यात उडवायचा? आणि वारा किती आहे ते कळणार कसं?

शिकायला ताशी १२ ते २० किलोमीटरचा स्थिर वारा सगळ्यात चांगला. अशा वाऱ्यात पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात, हलका झेंडा पूर्ण फडकतो. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले की वारा २० च्या पुढे गेला. छोटी झाडं डोलायला लागली की तो ३० च्या आसपास आहे, आणि नवशिक्यानं पतंग पिशवीतच ठेवायचा. हातात धरायचं वारामापक यंत्र मिळालं तर उत्तमच. डोळ्यांच्या अंदाजाला वळण लागतं.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का, ते एका हिशेबात कळेल. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढते. वारा दुप्पट, तर ओढ चौपट. २ चौरस मीटरचा पतंग ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात नुसता स्थिर उभा असेल तर ढोबळमानानं ३ किलोची ओढ देतो. ताशी ३६ ला तीच १२ किलो होते. पण पतंग स्थिर नसतो. तो स्वतः धावतो आणि त्या धावण्याचा वारा त्याच्या अंगावर वेगळा येतो. समोरून सपाट्यानं जाताना त्याच्यावर मूळ वाऱ्याच्या तिप्पट वेगाची हवा येते असं धरा, म्हणजे ओढ नऊपट. मघाचे ३ किलो २७ होतात, आणि १२ चे १०८. पतंग तोच, माणूसही तोच, फक्त वारा दुप्पट.

सरासरीइतकंच झोतांकडेही लक्ष हवं. हवामानाच्या अंदाजात सरासरी १५ आणि झोत ३० दाखवत असेल तर तो दिवस नवशिक्याचा नाही. झोत सरासरीच्या दीडपटीच्या आत असावेत. क्षितिजावर गडगडाटी ढग दिसले तर पतंग ताबडतोब उतरवून गुंडाळायचा. तिथे विजेचाही धोका आहे आणि अचानक सुटणाऱ्या वाऱ्याचाही.

६. ‘विंड विंडो’ म्हणजे काय?

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. दोऱ्या जिथपर्यंत पोचतात असा पाव गोल तुमच्यासमोर आहे असं समजा. पतंग त्यातच फिरू शकतो. कडेला, म्हणजे अगदी डावीकडे, अगदी उजवीकडे आणि थेट डोक्यावर, ओढ कमी. मधोमध, तुमच्या समोर आणि थोडा खाली, ओढ सर्वात जास्त. त्या भागाला पॉवर झोन म्हणतात.

नवशिक्यानं पतंग मध्यातून सरळ वर उठवला की तो पॉवर झोनमधूनच जातो, म्हणून पहिला हिसका बसतो. बाजूला सरकून, कडेच्या जवळून उठवला तर हा हिसका पुष्कळ कमी होतो. डोक्यावरचा पतंग मात्र विसावलेला वाटला तरी नजर त्याच्यावरून काढायची नाही. झोत आला तर तो वरच्या दिशेनं उचलतो.

७. माझं वजन ९५ किलो आहे. लहान पतंगाचा मला कंटाळा नाही का येणार?

वजनदार माणूस जागेवरून कमी हलतो, हे खरं. पण चूक हातून होते आणि तिचा वजनाशी संबंध नाही. २.५ किंवा फार तर ३ चौरस मीटरपर्यंत जा, त्यापुढे नको. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात ३ चा पतंग पॉवर झोनमधून आडवा नेऊन पाहा. टाचा वाळूत रुततील, शरीर मागे झुकवून तोलावं लागेल. कंटाळा येत नाही.

८. घाबरलो आणि पतंग सोडून दिला तर काय होईल?

पतंग निवडताना दुकानात किंवा विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा. रंग, वेग, आकार नंतर. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर तो पतंग घेऊ नका.

चार दोऱ्यांच्या पतंगाला मनगटाचे दोन सुरक्षा-पट्टे हवेत. प्रत्येक पट्ट्यातून निघणारी छोटी दोरी हँडलच्या खालच्या टोकाशी, ब्रेकच्या दोरीला जोडलेली असते. हँडल सोडले की मुख्य दोऱ्या सैल होतात आणि सगळा भार ब्रेकच्या दोऱ्यांवर येतो. क्षणात पतंगाची मागची कड तुमच्याकडे खेचली जाते, त्याचा फुगलेला आकार मोडतो आणि तो फडफडत जमिनीवर येतो. ओढ जवळपास संपते, तरी पतंग उडून जात नाही. हे पट्टे कधी पतंगासोबत येतात, कधी वेगळे घ्यावे लागतात. वेगळे असतील तर त्याच दिवशी घ्या.

तीन दोऱ्यांचं काम कसं चालतं ते प्रश्न २ मध्ये आलं आहे. दोन दोऱ्यांच्या पतंगावर एक तर लीश (मनगटाला जोडलेली सुरक्षेची दोरी) असते, नाहीतर पट्ट्यातून हात निसटेल एवढी मोकळीक. ती मोकळीक ताण असताना तपासा. कुणाला तरी दोरी खेचून धरायला सांगा आणि बोटं सरळ करून हात बाहेर येतो का ते बघा. येत नसेल तर तो पट्टा वापरायचा नाही.

आणि मग सराव. पहिल्या दिवशी, हलक्या वाऱ्यात, काही झालेलं नसताना, मुद्दाम दहा-बारा वेळा हँडल सोडा. हातातली वस्तू घट्ट धरणं ही शरीराची उपजत सवय आहे. सोडायला शिकावं लागतं, आणि ते शांतपणे शिकून ठेवलं तरच गडबडीत आठवतं.

दोरी हाताला किंवा बोटांना गुंडाळणं, दोरी कमरेला किंवा खांबाला बांधणं, हे कधीच करायचं नाही. ताणलेली बारीक दोरी कातडी कापत आत जाते.

९. जागा कशी हवी?

वाऱ्याच्या दिशेनं पुढे निदान १०० मीटर मोकळं, बाजूला दोऱ्यांच्या लांबीपेक्षा जास्त मोकळं. वाळू सर्वात चांगली, त्याखालोखाल गवत. विजेच्या तारा, रस्ता, रेल्वे, विमानतळाचा परिसर जवळ नको. विजेच्या तारेत पतंग अडकला तर दोऱ्या सोडून लांब व्हायचं आणि वीज कंपनीला कळवायचं, काढायला जायचं नाही.

इमारती किंवा झाडांच्या आडोशाला उभं राहिलं की वारा कमी वाटतो, पण तिथे तो भोवरे करत येतो. पतंग उंच चढला की वर पूर्ण वारा आणि खाली पोकळी, असं होऊन तो दुमडतो किंवा अचानक झेपावतो. वारा ज्या बाजूनं येतो तिकडे अडथळा असेल तर त्याच्या उंचीच्या किमान सात ते दहा पट लांब जा. १० मीटरच्या झाडांपासून म्हणजे ७० ते १०० मीटर.

दोऱ्यांच्या टप्प्यात कुणी माणूस, कुत्रा, घोडा येत असेल तर पतंग खाली. वेगानं सरकणारी दोरी दिसत नाही आणि कापते.

१०. मुलांना चालेल का?

दोन दोऱ्यांचा, १.२ ते १.५ मीटर पंखाचा (क्षेत्रफळ नव्हे, पाहा प्रश्न ४) पतंग आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हलक्या वाऱ्यात जमतो. मोठं माणूस हाताच्या अंतरावर उभं हवंच. पतंग मुलाच्या हाती देण्याआधी स्वतः उडवून ओढ पाहा. ‘मोठा झाला की वापरेल’ असा विचार करून कपडे घ्यावेत, पतंग घेऊ नये.

११. मला शेवटी काइटसर्फिंगच करायचं आहे. मग थेट त्याचाच फुगवायचा पतंग का घेऊ नये?

हवा भरायच्या नळ्यांचा पतंग पाण्यासाठी जन्माला आला. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डोमिनिक लगेनू या भावांनी १९८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठावा म्हणूनच. तो तरंगतो. पण सामान्यतः ७ ते १२ चौरस मीटरचा असतो, हार्नेसनं, म्हणजे कमरेभोवतीच्या रुंद पट्ट्यानं, शरीराला जोडलेला असतो, आणि जमिनीवर नवशिक्यानं तो चालवणं जिवावर बेतू शकतं. शिवाय नळ्या खडबडीत जमिनीवर घासून फाटतात.

आधी २ ते २.५ चौरस मीटरचा तीन दोऱ्यांचा बारवाला पतंग घ्या, त्यावर एका हातानं, न बघता, इंग्रजी आठचा आकडा काढता येईल इतका हात बसू द्या, मग प्रशिक्षकाकडे जा. तिथले पहिले धडे झपाट्यानं पुढे सरकतील. प्रशिक्षण मात्र टाळू नका.

तोंडं उघडी असलेला फॉइल पतंग पाण्यावर नेऊ नका. पाणी भरलं की तो उशीच्या भिजलेल्या अभ्र्यासारखा जड होतो आणि उठत नाही.

१२. ओढ कमी-जास्त करता येणारा ‘डीपॉवर’ पतंग मोठा घेतला तर तो जास्त सुरक्षित नाही का?

बार पुढे ढकलला की पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो आणि ओढ उतरते, हे बरोबर आहे. पण ती शून्य होत नाही, आणि हे पतंग बहुधा मोठ्या आकारातच मिळतात, हार्नेसला अडकवलेले असतात. घाबरल्यावर बार स्वतःकडे ओढला जातो, म्हणजे नेमकी ओढ वाढते. दुसरा किंवा तिसरा पतंग म्हणून छान.

१३. सोबत आलेल्या दोऱ्या पुरेशा असतात का? तुटली तर गाठ मारू का?

चांगल्या पतंगासोबतच्या दोऱ्या पुरेशा असतात. त्या डायनिमा (एक अतिशय मजबूत कृत्रिम धागा) जातीच्या असाव्यात. फारशा ताणल्या जात नाहीत आणि एकमेकींवरून गुळगुळीत सरकतात. म्हणूनच पतंगानं एकाच बाजूला चार-पाच गिरक्या घेऊन पीळ पडला तरी तो वळवता येतो. उलट्या गिरक्या घेतल्या की पीळ सुटतो.

पण हा धागा १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो. दुसऱ्या कुणाच्या दोरीवर ती घासली गेली तर त्या घर्षणानं क्षणात तुटते. दुसऱ्या पतंगापासून लांब राहा.

तुटलेल्या दोरीला गाठ मारू नका. गाठीशी ताकद खूप घटते आणि लांबी कमी होऊन पतंग एका बाजूला ओढू लागतो. नवी जोडीच घ्या. चार दोऱ्यांत मुख्य दोऱ्या जाड आणि ब्रेकच्या बारीक असतात, त्यांची अदलाबदल करू नका.

१४. वापरलेला पतंग घेऊ का?

जरूर, पण हातात घेऊन. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली तर ते थकलेलं आहे. नव्या कापडाचा करकरीत आवाज गेला आणि रंग विटला असेल तर ऊन खूप खाल्लंय. टोकांची शिवण, आतले पडदे, आणि पोटाखालच्या बारीक दोऱ्यांचं जाळं, ज्याला ब्रायडल म्हणतात, एकेक करून बोटांतून सरकवून पाहा. कुठे गाठ, कुठे विस्कटलेला धागा लागतोच. दोऱ्या एका खांबाला अडकवून ताणा आणि टोकं जुळतात का ते बघा.

अगदी स्वस्तात मिळणारे जुन्या पिढीचे मोठे फुगवायचे पतंग मात्र सोडून द्या. त्यांची ओढ उतरवायची सोय तोकडी असायची.

१५. चार दोऱ्यांचा पतंग उठतच नाही, मागे मागे सरकतो. खराब निघाला का?

बहुतेक वेळा नाही. ब्रेक ताठ आहेत. वापरानं मुख्य दोऱ्या ब्रेकच्या दोऱ्यांपेक्षा थोड्या जास्त लांबतात, मग हात सरळ असतानाही ब्रेक लागलेलाच राहतो. हँडलच्या खालच्या दोरखंडावर गाठींची रांग असते. ब्रेकची दोरी पतंगाच्या बाजूच्या पुढच्या गाठीवर न्या, म्हणजे ती सैल होईल. उडताना ब्रेकच्या दोऱ्यांना किंचित झोळ दिसला पाहिजे. त्याआधी हँडल उलटे तर धरले नाहीत ना, एवढं पाहा.

१६. एकट्यानं उडवता येतो का?

येतो. पतंगाची मागची कड वाऱ्याकडे करून त्यावर वाळू ठेवा, तोंडं मोकळी राहू द्या. हँडलसाठी जमिनीत खुंटी ठोका, ब्रेकच्या दोऱ्या तिला अडकवल्या की पतंग पडून राहतो. पण सुरुवातीला कुणीतरी सोबत असलेलं बरं. हेल्मेट, घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे दोन्ही वेळी हवेतच.

१७. पतंगानं उड्या मारताना लोक दिसतात. ते पहिल्या पतंगावर जमेल?

लहान पतंग तुम्हाला फारसा उचलणार नाही, आणि उचलण्याइतका मोठा असेल तर तो हलकेच खाली ठेवेल याची खात्री नाही. जमिनीवरच्या उड्यांत पाय, पाठ मोडल्याची उदाहरणं अनुभवी लोकांतही आहेत. नको.

१८. पुढचा, मोठा पतंग कधी घ्यायचा?

पतंगाकडे न बघता तो डोक्यावर स्थिर ठेवता येतो, पडला तर जागेवरून न हलता उठवता येतो (दोन दोऱ्यांना हे लागू नाही), झोत आला की हात आपोआप पुढे जातात, आणि सोडायची वेळ आली तेव्हा विचार न करता सोडला गेला आहे. एवढं झालं की आकार सुमारे दीडपट वाढवा, दोनचा तीन. बग्गीसाठी चार दोऱ्यांचाच पुढचा आकार घ्या, लँडबोर्डसाठी (जमिनीवर चालणारी चाकांची फळी) छोट्या डीपॉवरकडे वळायला हरकत नाही. नवा पतंग पहिल्यांदा बाहेर काढाल तो दिवस मात्र ताशी १२-१५ किलोमीटर वाऱ्याचा निवडा, आणि प्रश्न ८ मधला सोडायचा सराव नव्या पतंगावर पुन्हा करा.